विरजण मागणारी बाई

जुन्नर, मंगळवार, संध्याकाळ

वैताग आहे नुसता. साप्ताहिकात माझी कादंबरी येते ती पुण्यातल्या शेजाऱ्यांवर. तिच्यातली एक बाई रोज विरजण मागायला येते आणि तासभर बसते. एवढंच! तेव्हापासून शेजारच्या मंगलवहिनी फिरकल्या नाहीत. आज मीच त्यांना त्यांच्या दारात गाठलं.

"विरजणाला आलं की तुमी छापता, ताई. आता मी दही इकतच आणते."

"अहो, ती पुण्यातली बाई आहे."

"पुण्यात कोण विरजण मागत फिरतं व्हय?"

खरंच, कोण फिरतं? चिडले मी, पण खोटं मीच बोलले. त्यांचा तो तास मला नकोसा व्हायचा, म्हणून तर लिहिला. लिहिल्याची माफी उद्या मागेन. कंटाळल्याची कशी मागू?