बाबांना वाईट सिनेमेच मानवतात

ती. ताईंना,

भावजयीचा नमस्कार. गुडघा जिना चढू देतोय का ते कळवा. इकडे सगळे खुशाल, तुमचे बंधू तर जरा जास्तच.

तुम्ही बाबांसाठी पाठवलेला टीव्ही पोचला. तो आमच्या खिडकीपेक्षा मोठा निघाला, म्हणून माझ्या शिलाई मशीनसमोरच्या भिंतीवर लावला आणि कापडांचं कपाट बाथरूमच्या वाटेवर गेलं. (आता आंघोळीला जाताना सगळेच पोट आत घेऊन जातात.) त्यामुळे बाबांबरोबर मीही दिवसभर सिनेमे बघते, पण एका डोळ्याने; दुसरा सुईवर. तेव्हा माझी मतं अर्धीच धरा.

आई गेल्यापासून बाबांचं बोलणं म्हणजे ‘हो’, ‘नको’ आणि ‘पुरे’, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्या दिवशी तुमच्या बंधूंनी भुताचा सिनेमा लावला आणि भूत यायच्या आत स्वतः घोरायला लागले. तळघरातून ते भूत वर आलं तशी मी अशी दचकले, की गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही माझ्याच गाउनला शिवून बसले. ती उसवत होते, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, “त्या बाईला दिवा लावायला काय होतंय?” ताई, अख्खं वाक्य. मी मशीन बंद करून बाबांकडे बघतच राहिले. ते म्हणाले, “तू शिव. मी बघतो तिच्याकडे.”

मला वाटलं, औषध लागू पडलं. मग दुसऱ्या दिवशी मी हौसेने बक्षीस मिळालेला चांगला सिनेमा लावला. त्यात एक म्हातारा खिडकीत बसून समुद्र बघतो, आणि शेवटपर्यंत बघतच राहतो. बाबाही तसेच बसून राहिले, जेवायलासुद्धा उठले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाबांना चांगले सिनेमे बाधतात. तेव्हापासून मी निवडून निवडून वाईट आणते. अंतराळातल्या सिनेमात सगळ्यांचे कपडे इतके घट्ट, की एकजण जरी वाकला तरी शिवण जाईल, आणि खिसा एकालाही नाही. (रुमाल कुठे ठेवतात कोण जाणे.) बाबांची काळजी वेगळीच, यान सोडून सगळे बाहेर पडले तर मागे घराकडे कोण बघणार? खुनाच्या सिनेमात ते मध्यंतराआधीच खुनी पकडतात. तो दरवेळी डॉक्टरच असतो, कारण त्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं मीठ-साखर बंद केलंय. हाणामारीत नायकाकडे गुंड एकेक करून येतात, त्याबद्दल मात्र बाबांनी गुंडांच्या शिस्तीचं कौतुक केलं. मेलेली माणसं उठून चालतात त्या सिनेमात मी फक्त त्यांचे कपडे बघितले. प्रत्येकाचा सदरा निराळ्या जागी फाडलेला! कुण्या शिंप्याने जीव ओतलाय, आणि नाव मात्र शेवटी बारीक अक्षरात.

गेल्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. बर्फातल्या पक्ष्यांचा माहितीपट लागला, आणि बोटात पिना असल्यामुळे मला तो बदलता आला नाही. हजारो पक्षी, सगळे एकसारखे. समुद्रावरून परत आलेला नर त्या गर्दीत आपल्या मादीला नुसत्या आवाजावरून शोधतो. मी चोरून बाबांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. मी उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, “हिचा आवाज मलाही सापडला असता. बाजारात मागे राहायची आणि तिथूनच माझ्या नावाने खडे फोडायची. लोक वळून बघायचे. मला लाज वाटायची, गं.” मग बराच वेळ ते आईंबद्दल बोलले, कधी हसले, कधी थांबले. मी त्याच पिना आता तोंडात धरून ऐकत होते, त्यामुळे मधे बोलायची सोयच नव्हती. शेवटी त्यांनी चहा मागितला, तोही साखरेचा. मी दिला. (रागावू नका.)

भाच्यांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. बाबांना तुमच्याकडे न्यायला तुम्ही पुढच्या आठवड्यात येताय, असं लिहिलंत. पण त्यांना बारीक कणकण आहे. प्रवास झेपायचा नाही.

ता. ता. क. कणकण नाही, मी खोटं लिहिलं. बाबा ठणठणीत आहेत. तुमच्या बंधूंचं दुकान सकाळी उघडतं, मग संध्याकाळपर्यंत या खोलीत मी आणि मशीन. इतकी वर्षं मी त्या मशीनशीच बोलत होते, हे मला आत्ता कळतंय. तुमचे वडील आहेत, हक्क तुमचाच. पण थोडे दिवस राहू द्याल का?

आणखी एक. बाबांनी मागे उभं राहून सगळं वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि म्हणाले, “तिला लिही, मी कुठे जात नाही, तूच राहायला ये म्हणावं. आणि लिहिणं आटप लवकर, कालच्या सिनेमातलं ते जहाज अजून बुडायचंय.”