वाटूरनंतर केदारखेडा

जालना,
बुधवार, ३० मे १९७३

प्रिय धर्मराज,

तुझ्या लेकीच्या, कौसल्येच्या बारशाहून परतल्यापासून तुला लिहायला बसतो आणि कागद कोराच राहतो. उषावहिनी आणि बाळ बरी असतील. इथं पाण्याचे फार हाल आहेत. टँकरचा भोंगा वाजला की तुझी नंदावहिनी हातातलं टाकून घागर घेऊन पळते. तुमच्याकडे पूर्णेच्या पात्रात अजून झरे लागतात म्हणे.

माझं काम तुला माहीत आहे, पण या वर्षी त्याचं काय होऊन बसलं ते तुला कधी सांगितलं नाही. आधी मी गावोगावच्या सहकारी बँका तपासायचो, चुका दाखवायचो, परत यायचो. दुसरा पावसाळाही कोरडा गेल्यावर साहेबांनी बोलावून विचारलं, यातल्या कोणत्या बँका पुढच्या पावसापर्यंत टिकणार नाहीत? शेतात पिकलं नाही म्हणजे दिलेलं कर्ज परत येणार नाही, आणि ज्वारी विकत घ्यायला लोक आपल्या ठेवी काढायला येणार. हे कोणालाही कळतं. कोणती बँक आधी बसेल, एवढंच मी सांगायचं होतं.

वाटूरच्या बँकेचं मी दिवाळीतच सांगितलं. तिथल्या अध्यक्षांनी निम्मं कर्ज आपल्याच सोयऱ्यांना वाटलं होतं, आणि ते फेडायचं नाव काढत नव्हते. होळीच्या पलीकडे ही जात नाही, म्हणालो. साहेब माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "तातेराव, हे तोंडातून काढू नका. तुम्ही बोललात तर ती उद्याच बसेल, अन् लोक म्हणतील तुम्हीच बुडवली." वरून मदत मागवतो म्हणाले. मागवलीही. ती आली नाही.

मी अधूनमधून वाटूरला जात राहिलो. एकदा सोनूबाई नावाची बाई पैसे भरायला आली. खडी फोडून बोटांना चिंध्या बांधलेल्या. चारा नाही म्हणून बैलजोडी विकली होती, त्याचे पैसे. माझे कपडे बघून तिनं मलाच विचारलं, "साहेब, हितं पैसं बराबर राहतेन ना?" कॅशियर खाली बघायला लागला. मी म्हणालो, "बाई, थोडे घरीही ठेवा." त्याहून जास्त मला बोलता येईना. ती म्हणाली, "घरी कुठं राहतेत साहेब, खाऊन टाकू आम्ही." आणि सगळे भरून गेली. होळी यायच्या आधीच बँकेला कुलूप लागलं. अंदाज खरा ठरला म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. धर्मा, घरी येऊन मी जेवलो नाही.

तुझ्या बँकेचंही त्यांनी मला विचारलं होतं. मी छातीठोक सांगितलं, केदारखेड्याची बँक सगळ्यांत धड आहे. धर्मराजनं सख्ख्या चुलत्यालाही कर्ज नाकारून माघारी पाठवलंय. लोक घाबरले नाहीत तर तिला काही होत नाही. माझ्याच बोलण्यातलं ते 'घाबरले नाहीत तर' तेव्हा माझं मलाच ऐकू आलं नाही.

बारशाला मी एसटीनंच येणार होतो. भोकरदनचं काम निघालं म्हणून साहेबांनी जीप दिली. तू बँकेत आहेस असं कळलं, म्हणून तिच्यासमोरच थांबलो. आपण चहा प्यालो, हॉस्टेलच्या मेसवाल्याची नक्कल करून हसलो. बाहेर झाडाखाली बसलेल्यांत वाटूरकडचा कोणी पाहुणा होता. "वाटूरला आल्ता तोच साहेब हाये ह्यो," एवढंच तो म्हणाला म्हणे. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पाळणा म्हणून होत होता तेवढ्यात तुला बोलावणं आलं. आपण पोचलो तोवर बँकेसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. तू ओट्यावर चढून सांगत होतास की लोकांचा पैसा त्यांच्याच विहिरींवरच्या इंजिनांत आहे, तो एका दिवसात कुठून आणू. मग मीही उभा राहिलो. म्हणालो, मी स्वतः तपासलंय, बँक बिलकुल धड आहे, मी बारशाला आलोय. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग सरकारची जीप कामून?" मी जितकं समजावलं तितकी गर्दी वाढली. भोकरदनहून तू रोकड मागवलीस, तर तिथल्यांनीही वाटूरचं ऐकलेलं, दिली नाही. तू ज्यांना कर्ज नाकारलं होतंस त्याच रखमाजीकाकांनी घरातले पैसे काढून तुझ्यापुढं ठेवले, तेही वाटण्यात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तू रिकामी तिजोरी उघडून लोकांना दाखवलीस. मी तुझ्या बाजूला उभा होतो आणि मला काहीही करता आलं नाही. धड बँक, धड माणूस, आणि वाटूरच्यापेक्षा जल्दी संपली. तुला मी दोष देत नाही. लोकांनाही देता येत नाही. स्वतःला द्यावा म्हटलं, तर मी काय केलं? मित्राच्या घरी गेलो.

आज साहेबांनी बोलावलं होतं. तुझी बँक गुंडाळायला अवसायक नेमलाय, आणि तो मी आहे. दुसऱ्या कोणाला पाठवा म्हणून मी हात जोडले. ते म्हणाले, दुसरा माणूस नाही, आणि तिऱ्हाइतापेक्षा मित्र बरा. घरी येऊन नंदाला म्हणालो, राजीनामा देतो. ती म्हणाली, "तुम्ही दिल्यानं बँक उघडनार हाये का?" सोमवारी सकाळी मी पंच घेऊन येईन. तुला खुर्ची सोडून बाहेर उभं राहावं लागेल, किल्ल्या माझ्या हातात द्याव्या लागतील, आणि सगळ्यांसमोर मी तुझं नाव 'माजी व्यवस्थापक' म्हणून वाचीन. हे तुला ऐन दारात कळू नये म्हणून हे पत्र. त्या वेळी माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. फक्त काकांना आदल्या दिवशीच तू सांगून ठेव. नाहीतर मला लांबून येताना बघून ते नेहमीसारखी हाक मारतील.

तुझाच,
तातेराव