आश्लेषाच्या लग्नातला तिसरा खंड

किहीम, मंगळवार

ती. भाऊंस,

नमस्कार. तुमची कंबर आता सरळ झाली असावी. जव्हारची थंडी तिला मानवत नाही, तरी तुम्ही डोंगर सोडत नाही. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक. तेवढंच ठीक आहे.

आश्लेषाच्या केळवणाला मामाकडून साडी येईल असं वाटलं होतं. आले वारली लोकांवरच्या तुमच्या ग्रंथाचे तिन्ही खंड. (मांडव्याच्या धक्क्यावरून मीच उचलून आणले. विषयाचं वजन कळलं.) पहिले दोन कपाटाखाली गेले, कपाट डुगडुगायचं थांबलं. तिसरा, लग्नविधींचा, मुलीने वाचला.

त्यात तुम्ही लिहिलंय की वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. बाईमाणूस. गाऊन लावते, आणि ते गाणं रात्रभर चालतं. रात्रभर. मी भटजींशी अर्ध्या तासाचं बोललो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, मला धवलेरी हवी. माझं लग्न लागतंय हे मला तरी कळू दे." तिची समजूत काढायची म्हणून अनुसूयेने खंड हातात घेतला, आणि दोन दिवस घरात फोडणी पडली नाही. आता त्या दोघी एका बाजूला. (तुमचीच बहीण.) भटजींच्या कानावर गेलं, ते म्हणाले, मग मी नुसता जेवायला येतो. पेणच्या व्याह्यांनी हळूच विचारलं, तारीख पुढे ढकलायची का? मुलगी म्हणते, ढकला. मी यांचे निरोप त्यांना आणि त्यांचे यांना पोचवतो. माझं म्हणणं अजून कुणी विचारलेलं नाही.

तरी कृपा करून आशूला फोन करा. सांगा की पुस्तकात असतं ते सगळं घरी करायचं नसतं. तुमचं ती ऐकेल.

आपला,
सदा

ता. क. फोन करू नका. भटजी तिसरा खंड वाचायला घेऊन गेले होते. आज म्हणाले, आधी बाईंना गाऊ दे, मंगलाष्टकं मी मागून म्हणतो. व्याह्यांनीही मान डोलावली. भटजींना आता पहिला खंड हवाय. कपाट पुन्हा डुगडुगतंय.

ता. क. २. तुम्ही खंडात लिहिता त्या धवलेरी रंगूबाई इथे येतील का? त्यांच्या मनात असेल तरच. मी मांडव्याला बोटीवर घ्यायला येईन.

ता. क. ३. अनुसूया म्हणते, गाणं तासाभरात आटपायला सांगा, मुंबईच्या पाहुण्यांना शेवटची बोट गाठायची आहे. तसं काही सांगू नका. गाणं संपलं की आशू पेणला जाणार.