खाडीत सोडलेली माणसं

मी, सुगंधा गुणाजी परब, वय एक्याऐंशी, राहणार विक्रोळी पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मला दबवणं आजवर कोणाला जमलेलं नाही. साक्षीदार तेवढं शपथेवर सांगतील.

१. चाळीच्या पुनर्विकासात मिळणारं घर माझा एकुलता एक मुलगा हर्षद याला. दागिने सून गंधाली हिला. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. पुस्तकं महिला मंडळाच्या वाचनालयाला. मोर्चातला माझा भोंगा माझी सहकारी नीला कदम हिला. तिने तो वापरावा, शोकेसमध्ये ठेवू नये.

३. लाटणे मोर्चाच्या फोटोत मधोमध उभे असलेले भाऊराव मोर्चा संपल्यावर चहाला आले होते. पुढे त्या फोटोवर त्यांनी दोन निवडणुका लढवल्या. फोटोत प्रत्येक बाईच्या हातात लाटणं आहे, त्यांच्या हातात कप. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये.

४. आता फोटो. देशाचा इतिहास मी पुष्कळ वाचला आणि घसा फोडून सांगितला, पण तो मला दिसला चाळकऱ्यांच्या जुन्या फोटोंत. घरं मोडताना लोक ते मला आणून देत, मी ते एका पेटीत ठेवायची. रविवारी मी ते मुलांपुढे मांडायची आणि सांगायची, आधी पाय बघा. स्वातंत्र्याच्या पहिल्या सकाळी गच्चीवर झेंडा, सगळे अनवाणी, बूट फक्त घरमालकाच्या पायात. पुढचं मुलंच बोलत.

त्यातच माझे यजमान गुणाजी होते. संपातल्या गिरणीच्या दारात बसलेले, हात मांडीवर. काम गेलेले हात कसे दिसतात ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. त्यांचा तो एकच फोटो. हार घालून भिंतीवर लावणं मला पटलं नाही, म्हणून तो त्या पेटीत राहिला.

गेल्या वर्षी भाड्याच्या घरात सामान हलवताना मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होते. हर्षदला पेटी सापडली. मेलेल्या माणसांचे फोटो नव्या जागेत नेऊ नयेत, असं कोणीतरी त्याला सांगितलं. कचऱ्यात टाकायला त्याचं मन होईना. निर्माल्याच्या पिशवीत घालून सगळे खाडीत सोडून आला.

"आई, नमस्कार करून सोडले गं," तो म्हणाला.

"माणसं आधीच मेली होती रे," मी म्हटलं. "आता ती नव्हतीच, असं झालं."

त्यानंतर आम्ही या विषयावर बोललेलो नाही.

प्रदर्शनासाठी नीलाकडे दिलेलं एक पाकीट तेवढं वाचलं. झेंडा आणि मोर्चा त्यात आहेत, गुणाजी नाहीत. ते पाकीट नीलाचं. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहावीत. फोटो मुलांच्या हाती द्यावेत. फाटले तरी चालतील, पण पूजेला लावू नयेत आणि पाण्यात सोडू नयेत.

५. माझ्या फोटोला हार नको. हर्षद अस्थी नाशिकला न्यायचं म्हणेल. नेऊ नये. कांदळवनाच्या कडेला, जिथे त्याने ती पिशवी सोडली, तिथेच मला सोडावं. जागा त्याला माहीत आहे. या वेळी नमस्कार केला तरी चालेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सुगंधा गुणाजी परब

साक्षीदार: राजाराम तावडे (शेजारी) आणि डॉ. सुयोग नाईक

विक्रोळी, ९ मार्च २०२४