खोकला तुझ्या तंबाखूचा नव्हता

आई, यंदा उन्हाळ्यात मी तुझ्यावरून दवाखान्यात भांडले. बेळगावातल्या लहान मुलांच्या दवाखान्यात, भर सकाळी, बाकांवर पोरांची आईबापं बसलेली असताना, मी माझ्या लेकीच्या सासूवर आवाज चढवला. तू असतीस तर माझा हात ओढून म्हणाली असतीस, "गप गं, लोकं बघालेत." बघू देत. आयुष्यभर शाळेत पोरांना हळू बोला म्हणत आले, त्या दिवशी मला हळू बोलायचं नव्हतं.

निपाणीतलं आपलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. चुलीपासून थोडी लांब तू मांडी घालून बसली आहेस, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापून ठेवलेली पानं. बोटं विड्या वळतात आणि डोळे झोळीकडे. झोळीत माझा भाऊ. त्याला महिना झाला असेल नसेल, मी पहिलीत होते. आधी त्याचं नुसतं नाक गळत होतं. मग खोकला लागला. एकदा ढास लागली की थांबायची नाही, मधे श्वास घ्यायला उसंत नाही, तोंड लाल व्हायचं, मग जांभळं. तू त्याला खांद्याशी उभा धरून पाठ चोळायचीस. शेवटी तर खोकलाही येईना, नुसता श्वास मधेच थांबायचा आणि तू त्याच्या नावानं हाका मारायचीस. अण्णा म्हणाले, कोल्हापूरला नेऊ. आपण स्टँडवर गेलो. बस लागलेली होती, कंडक्टर घंटी वाजवत होता, माणसं चढत होती. आपण चढलोच नाही.

त्यानंतर आत्या काय बोलली ते मी ऐकलेलं आहे. घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तंबाखूची धूळ खाऊन मेलं पोरगं. तसल्या हातानं पाजायची, मग काय हुतंय?" ती स्वतः बारशाला आली तेव्हापासून खोकत होती. तिनंच आणला असं मी म्हणत नाही, आपल्या गल्लीतली निम्मी पोरं त्या वेळी खोकत होती. पण तिच्या खोकल्याकडं कुणी बघितलं नाही. सगळे तुझ्या हातांकडं बघत होते. तू पण. अण्णा भिंतीला टेकून बसले होते, ते एक शब्द बोलले नाहीत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी 'डांग्या खोकला' असं स्पष्ट सांगितलं होतं, तो शब्द मला तेव्हापासून पाठ आहे. घरात मात्र तो कुणाच्या तोंडात राहिला नाही. धुळीचं राहिलं, कारण धुळीला धरून तुला बोलता येत होतं.

विड्या सोडणं तुझ्या हातात नव्हतं, घर त्यावर चालायचं. तू सूप घेऊन बाहेर उन्हात बसायला लागलीस आणि हात धुवायला लागलीस. राखेनं, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. माझी लेक झाली तेव्हा तू बेळगावला आलीस. विड्या सोडून तुला वर्षं झाली होती, तरी तिला घ्यायच्या आधी मोरीत बसून हात घासत राहायचीस. मी म्हणायची, "अगं पुरे, कातडी जाईल." तू म्हणायचीस, "वास जात न्हाय गं." ती चालायला लागायच्या आत तू गेलीस. तिचा एक पापा तू कधी घेतला नाहीस.

ती लेक यंदा गरोदर होती. बेळगुंदीत दिली आहे, घरची शेती आणि जावई उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. सातव्या महिन्यात ती माहेरी आली, मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, डांग्या खोकल्याची लस घ्यायची वेळ झाली. मी म्हटलं, "सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय की." त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यात धनुर्वात आणि घटसर्प येतो, डांग्या खोकला येत नाही. ही लस आता आईला दिली की तिच्या अंगात जी ताकद तयार होते ती नाळेतून बाळाला मिळते. बाळाची स्वतःची लस दीड महिन्याला सुरू होते. तोपर्यंत त्याच्याजवळ आईनं दिलेलं तेवढंच." दीड महिना. आई, मी खुर्चीत बसून होते आणि माझ्या कानात बसस्टँडवरची घंटी वाजत होती. तुझ्या वेळी पोटुशीला द्यायची अशी सोय नव्हती, ते मला कळतं. आज आहे. लेकीच्या समोर, हातभर अंतरावर आहे.

आणि तरी ती मिळाली नाही, लगेच तर नाहीच. विहीणबाईंचा फोन आला. "आमची बाळंतपणं घरातच झाली, एक सुई न्हाय टोचली. पोटातल्या पोराला काय झालं म्हंजे?" जावई म्हणाला, आई नको म्हणते तर राहू दे. माझ्या घरातही काय वेगळं? तुझा जावई, आयुष्यभर ऑफिसात फायली बघितलेला माणूस, मोबाईलवर कुणीतरी पाठवलेलं वाचून म्हणाला, हा सगळा कंपन्यांचा धंदा. गल्लीतल्या वकीलबाई मला सांगत होत्या, अंगावरच्या दुधात सगळं असतं हो. जो तो बोलत होता. पोटात मूल जिच्या, ती तेवढी गप्प. एकदाच म्हणाली, "घरात वाद नको गं आई." मला तुझी आठवण आली आणि संताप आला.

त्याच आठवड्यात तिच्या जावेच्या बाळाला दवाखान्यात आणल्याचं कळलं. लेकीला घरी ठेवून मी एकटी गेले. जिना चढतानाच मला आवाज आला. इतक्या वर्षांनी, आई, तोच. ढास, ढास, ढास, आणि मग काहीच नाही. वर काचेआड ते तीन आठवड्यांचं पोर नळ्यांमध्ये होतं. बाहेर बाकावर त्याची आई, विशीतली पोरगी, डोकं खाली घालून. तिच्या शेजारी विहीणबाई, पदरात खोकत. किती दिवस खोकताय विचारलं तर म्हणाल्या, "ते माझं हाय जुनंच, धुळीचं." आणि मग सुनेकडं हात करून, ती ऐकत असताना, "हिला सांगून ऐकती कुठं? वल्ल्या केसानं पाजलं. दही खाल्लं. आता भोगतंय लेकरू." आणि माझ्याकडं वळून, अगदी आपुलकीनं, "तुमच्या आईचंबी तसंच झालं न्हवं? तंबाखूपायी गेला तुमचा भाऊ."

नात्यात ही गोष्ट अशीच फिरत आली आहे, निपाणीहून बेळगुंदीपर्यंत.

"गप बसा," मी म्हणाले. विहिणीला असं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. "माझ्या आईच्या हातानं न्हाय मेला माझा भाऊ. डांग्या खोकल्यानं मेला. तंबाखूची धूळ वाईटच, व्हय, तिची छाती त्यानंच गेली. पण हा खोकला धुळीतनं येत न्हाय, माणसाकडनं माणसाला येतोय. केसाचा आणि दह्याचा काय संबंध? लस घ्या म्हणून हिला सांगितलं होतं का नव्हतं, तेवढं सांगा मला!"

विहीणबाई पदर तोंडाशी नेऊन पुन्हा खोकल्या. ती पोरगी बोलली, मान वर न करता. "सांगितलं हुतं डॉक्टरांनी. घरात नको म्हणून ठरलं. मला कुणी इचारलंच न्हाय, मावशी."

मुलांचे डॉक्टर बाहेर आले, त्यांनी आधी मला गप्प केलं आणि मग विचारलं, घरात खोकतंय कोण? सगळ्यांच्या माना विहीणबाईंकडं वळल्या. त्यांना तपासायला नेलं, घरातल्या सगळ्यांना औषध लिहून दिलं. परत येऊन त्या माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "माझ्याकडनंच गेला व्हय ओ त्याला?" आई, हा प्रश्न आत्यानं विचारावा म्हणून मी किती वर्षं मनात भांडत आले होते. वाटलं होतं, कुणी विचारला तर जिवाला थंडावा मिळेल. समोर पदर मुठीत धरलेली एक म्हातारी होती आणि आत तिचा नातू होता. "कोण जाणे," मी म्हणाले. "तुम्ही काय मुद्दाम केलं न्हाय. औषध वेळेवर घ्या."

घरी येऊन मी लेकीला समोर बसवलं. म्हटलं, तुझ्या सासूचं नको, बाबांचं नको, माझंही नको, तुझं सांग. ती म्हणाली, "मला घ्यायची आहे." दुसऱ्या दिवशी घेतली. दंड दुखला, अंग थोडं कणकणलं, संध्याकाळी भाकरी थापायला उठली. लस घेतली म्हणजे सगळं टळतं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. तान्ह्या पोराच्या जिवावर बेतायचा धोका खूप कमी होतो, एवढं म्हणाल्या. पुढच्या बाळंतपणात पुन्हा घ्यायची, असंही.

जावेचं पोर वाचलं. फार दिवस लागले, अजून हातापायाच्या काड्या आहेत, पण हसतं. लेकीला मुलगी झाली. बारशाला मी दारात उभी राहून येणाऱ्याला विचारत होते, खोकला आहे का? दोघा-तिघांना रुसवून परत पाठवलं. मास्तरीण डोक्यावर परिणाम झाल्यासारखी करतेय, असं म्हणत असतील. उद्या नातीची पहिली लस आहे. विहीणबाई आदल्या दिवशीच येऊन राहिल्या आहेत, आणि गल्लीतल्या एका पोटुशीला त्यांनी आज माझ्या देखत झापलं, "इचारू नगो कुणाला. घेऊन ये जा."

हे तुला लिहून मी कपाटात ठेवणार, दुसरं काय करणार? राग कमी झालेला नाही. आत्याचा आहे, गप्प बसलेल्या अण्णांचा आहे. पण खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त तुझा येतो. त्यांनी नुसतं म्हटलं, आणि तू ते खरं मानलंस. हे तुझ्या तोंडावर मी कधी बोलले नसते. आत्ता लिहितानाही दोनदा खोडलं.