आमची ऐरण बँजो पार्टी

३ एप्रिल, गुरुवार
आज फाळ जमला! नांगराचा जुना फाळ, कधीचा नुसता भसाडा वाजत होता. अमृतने ग्राइंडरने टोकाकडून बोटभर कापला आणि सूर चढून बरोबर माझ्या सा-वर आला. मी गायले, अर्जुनाने घण धरला, आकारामतात्या ऐरणीवर. भट्टी त्यांची, आम्ही गावची पोरं. गाणं चालू असताना एक विळा घडवायचा, हा आमचा खेळ. बँजो फक्त नावात!
तात्या म्हणाले, "लय गोड गातीस पोरी." एवढ्यावर मी आठवडा काढते.

५ एप्रिल
आई चिडली. "मारुतीच्या जत्रंत लोक हसली तर हे लोखंड बडवणं बंद. कळलं?" कळलं.

९ एप्रिल
आवाज पार बसलाय. हळद-दूध चालू. तालमीत नुसती कुजबुजले. तात्या तरी म्हणतात, "झ्याक!" किती धीर देतो हा माणूस. सख्ख्या काकाने एवढं केलं नसतं.

१२ एप्रिल, शनिवार
जत्रा झाली.
दुसरं कडवं ऐन रंगात आलेलं — आणि तात्यांनी मोकळ्या ऐरणीवर हातोडी टेकवली. टिंग. भट्टीवर याचा अर्थ एकच, घण थांबव. अर्जुनाचा घण वरच राहिला, अमृतचा ग्राइंडर बंद, माझा शब्द अर्धा तोंडात. सवयच ती! मला वाटलं, झालं, आता हसतात लोक. तात्यांनी लाल विळा पाण्यात बुडवला, चर्र झालं, आणि वर धरला. मग टाळ्याच टाळ्या.
आईने तो विळा मागून घेतला. घरी येताना म्हणाली, "वळण बरं आलंय. गा म्हणं."
तात्यांना विचारलं, कडवं राहिलं की वो? नुसते हसले. देवा, अशी माणसं दिलीस, आणखी काय मागू.

१३ एप्रिल
तात्यांना मोबाइलवर जत्रेचा व्हिडिओ दाखवला. शेवटपर्यंत बघितला. डोळे पुसले. "काय गळा लावलास गं."
मोबाइल परत घेतला, तर आवाज बंदच होता. त्यांची बायको, शालूकाकी, माझ्याकडेच बघत होत्या. बोलू नको म्हणून मान हलवली.
मी तात्यांच्या पुढ्यात बसले, माझं तोंड त्यांना नीट दिसेल अशी. सावकाश म्हणाले, "तुमच्यामुळं, तात्या."