लाजिस्टिक हब

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं आणि खरंच लिहायचं.
आमच्या कन्सल्टन्सीचा प्लॅन लोकांच्या हरकती ऐकायच्या सुनावणीला निघाला. मोठे ट्रक हातखंब्याजवळच्या लॉजिस्टिक हबवर थांबणार, तिथून माल छोट्या टेम्पोंनी रत्नागिरीत येणार. बाजारातली कोंडी संपणार. प्लॅनमधला ट्रॅफिकचा भाग आणि सुनावणीचं वेळापत्रक, दोन्ही पूर्ण माझं. घरातली पहिली ग्रॅज्युएट!
बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते बाजारात हमाल आहेत, ट्रक खाली करतात. पण हबवर त्यांना सुपरवायझर करतीलच. मी सुचवणार आहे.

६ मार्च, गुरुवार
बातमी बाजारात पोचली. जेवताना बाबा म्हणाले, लाजिस्टिक हब येतोय म्हणे, कुणा पुण्याच्या शहाण्याने काढलाय. मेल्याच्या पाठीवर एकदा पोतं ठेवा. मी म्हटलं, हो ना. मी त्यांचा उच्चार सुधारणार होते, पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला काय माहीत?
बांगडा ताजा होता. अशा जेवणात विषय काढू नये. शिमगा झाला की सांगणार.

१० मार्च
ऑफिसात विनीत सरांना विचारलं, जुन्या हमालांचं काय? म्हणाले, फोर्कलिफ्ट.
फोर्कलिफ्टलाही सुपरवायझर लागत असणार.

१६ मार्च, रविवार
शिमग्याला गावी. बाबांनी पालखी नाचवली. खांद्यावर देव असताना माणसाला असलं सांगू नये.
बाबांच्या टोळीतले भागोजीकाका बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, गुरुवारी सुनावणीत महिपतच बोलेल, आमची तर साहेबापुढं दातखीळ बसते. बाबा मला म्हणाले, बाय, तू शिकलेली, चार वाक्यं बसवून दे. दिली. फार चांगली झाली. दोन्ही बाजूंना न्याय दिला, असं म्हणता येईल.

१९ मार्च, बुधवार
सर म्हणाले, उद्या प्रेझेंटेशन तू दे. म्हणजे स्टेजवर मी, समोर बाबा.
निर्णय: आजारी पडायचं. मी नसले तर बाबा मोकळेपणी बोलतील. एक प्रकारे ही मदतच.

२० मार्च, सकाळी
सरांना आणि घरी ताप आल्याचं सांगितलं. सर स्वतःच बोलणार आहेत. आई काजूच्या फॅक्टरीत गेली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला, माझ्या कपाळाला हात लावला आणि सदरा काढून खुंटीला टांगला. म्हणाले, पोरीला टाकून कुठं जाऊ? मी म्हटलं, जा हो बाबा, मला काही झालेलं नाही. जितकं सांगावं तितकं त्यांना वाटतं, ताप डोक्यात गेलाय.

संध्याकाळी
सरांचा फोन. एकही हरकत आली नाही. अभिनंदन.
मागोमाग भागोजीकाका आले. म्हणाले, महिपत, आम्ही शेवटपर्यंत दाराकडं बघत बसलो रे. बाबा म्हणाले, पोर फणफणलेली, काय करणार? होईल परत मिटिंग.
होणार नाही. सुनावणी एकच होती. तसं मीच वेळापत्रकात लिहिलं होतं, वेळ वाचावा म्हणून.
बाबांनी पेज आणली, चमच्याने भरवली. माझा गळा पुसत म्हणाले, बघ, घाम आला. उतरला ताप.
मी आणखी एक वाटी मागितली.